सैल ठेवलेला खूर

सुलभाचा फोन आला तेव्हा मी तळेऱ्याच्या नाक्यावर चहा घेत उभा होतो. सुलभा ही माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची शेजारीण. दोन घरांच्या मध्ये फक्त एक गडगा, दगड रचलेलं कुंपण. एरवी ती फोनवर आधी जेवणखाण विचारते, मग पाऊसपाणी, आणि कामाचं बोलणं फोन ठेवता ठेवता आठवतं. त्या दिवशी एकदम म्हणाली, "भाऊ, बेगीन येवा. तात्या मागल्या दारात पडलेहत... हलणत नाय." तात्या म्हणजे माझे भावोजी, अक्काचे यजमान. कसं काय झालं ते मला खाडीकाठच्या त्यांच्या गावी पोचल्यावर कळलं. सुलभा पडवीत तांदूळ निवडत होती आणि गडग्यापलीकडे अक्काचा पलंग वाजायला लागला. तो रोजच वाजायचा. पलंग वाजला की पाठोपाठ घराच्या, परसाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून भावोजींची आरोळी यायची, "इलंय गो, इलंय!" म्हणजे आलो गं, आलो. त्या दिवशी आरोळी आली नाही. पलंग वाजतच राहिला. सुलभाने थोडा वेळ कानाआड केलं, मग सूप खाली ठेवून ती गडगा ओलांडून गेली. भावोजी मागच्या दारी, दोरीवर वाळत घातलेल्या चादरीखाली पडले होते. चादरीचं एक टोक मुठीत तसंच होतं. आणि आत अक्का डाव्या पायाने पलंग वाजवत होती.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. भावोजींबद्दल तसं बोलायला मला थोडं जड जातं, कारण आमचं नातं मेहुण्या-भावोजींचं, आणि आयुष्यभर आम्ही एकमेकांची टर उडवण्यापलीकडे फारसं काही केलं नाही. माणूस हट्टी. ग्रामसभेत उभा राहिला की सरपंचाला घाम फोडणारा. चहा बशीत ओतून असा फुरका मारायचे की पाहुणे दचकावेत. हायस्कुलात कारकून होते, शिस्तीचे होते, पण हातात हातोडी धरायची अक्कल शून्य. खिळा भिंतीत कमी आणि अंगठ्यावर जास्त. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कुणाला वाटेल की ते मोठे कसबी होते. कसबी वगैरे काही नव्हते.

त्या पलंगाचं मूळ आमच्या घरात आहे. अक्काच्या लग्नात आमच्या वडलांनी परसातला फणस तोडून तो करवला आणि आंदण दिला. लग्न घाईत ठरलं, लाकूड पुरतं सुकलंच नव्हतं. पहिल्या दोन-चार वर्षांतच पलंगाचे खूर, म्हणजे पाय, आपापल्या खाचांत सैल झाले आणि पलंग कुरकुरायला लागला. भावोजींना माझ्यावर तोंडसुख घ्यायला तेवढं पुरे होतं. मी गेलो की पडवीतूनच सुरू व्हायचे, "मेवण्या, तुझ्या बापाशीन पलंग दिल्यान कच्च्या लाकडाचो, आणि चेडू दिल्यान पक्क्या लाकडाचा. उलटा केल्यान असता तर बरा झाला असता." अक्का आतून भांडं आपटायची. ती खरोखरच पक्क्या लाकडाची होती. कामाला वाघ आणि जिभेला त्याहून तिखट. दिवसभर तिच्या हाका चालू असायच्या. "आयकलात काय? नारळ सोलून देवा... आयकलात काय? गाय सुटली..." आणि भावोजी पडवीत रेडिओ कानाशी धरून बसलेले. ऐकू यायचं सगळं, पण ओ द्यायची नाही असा जणू त्यांचा पणच होता. तिने हाक मारायची आणि त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं, असा संसार त्यांनी चाळीसेक वर्षं केला. फार गोड जोडपं होतं असं मी म्हणणार नाही. गावात त्याहून गोड जोडपी होती.

मग अक्काला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डोळे शाबूत होते, डावा हात थोडा उचलायचा, डावा पाय बऱ्यापैकी हलायचा. बोलायला गेली की तोंडातून नुसती वाफ. त्या तिखट जिभेचं असं व्हावं याबद्दल नेमका कुणाचा राग करावा ते मला कळत नव्हतं, म्हणून मी देवाचाच करत होतो. माझा भाचा, अक्काचा मुलगा प्रसाद, मुंबईहून धावत आला. पोरगा गुणी आहे. त्याने तालुक्याच्या गावाहून लोखंडी पलंग आणला, डोक्याकडची बाजू दांडा फिरवून वर करता येते तसला. अक्काला त्यावर ठेवलं आणि तिने डाव्या हाताने त्याची कड जी धरली ती सोडीना. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. संध्याकाळपर्यंत भावोजींनी सगळ्यांना ओरडून, शेजारचे चार हात लावून, तिला परत तिच्या फणसाच्या पलंगावर आणलं. लोखंडी पलंग पडवीत गेला. त्यावर आजतागायत आमसुलं वाळत पडतात.

पण फणसाचा पलंग अशा दुखण्याला कसा पुरणार? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसातून कितीदा तरी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. भावोजी पलंगावर एक गुडघा टेकायचे, तिच्या पाठीखाली हात घालायचे आणि ओढायचे. दर ओढीला पलंग आडवा झुलायचा. एका दुपारी तो झुलला तो परत सरळ झालाच नाही. उशाकडचा एक खूर खाचेतून निसटला आणि दोघंही भुईवर आली. तिला मार लागू नये म्हणून भावोजी खाली पडले, ती त्यांच्या अंगावर. तिला उचलायची ताकद नव्हती आणि तिला बाजूला सारून उठायचं मनात येईना. सुलभाचे यजमान बाजारातून येईपर्यंत दोघं तशीच पडून राहिली. पुढे मी विचारलं, "भावोजी, तेवढा वेळ काय केलात?" तर म्हणाले, "काय करतलंय? लगीन झाल्यापासून पयल्यांदाच ती इतको वेळ गप आयकत होती. सगळा सांगून घेतलंय." आणि हसले. मलाही हसू आलं... नंतर घरी येताना गाडीत रडू आलं.

त्या दिवसापासून या माणसाने हातोडी घेतली. आधी खिळे मारले. खाऱ्या वाऱ्यात खिळा तो किती टिकणार? गंजून लाल ओघळ आले आणि लाकूडही चिरलं. मग त्यांनी आंब्याच्या जुन्या पेट्या फोडून पट्ट्या काढल्या आणि पलंगाखाली आडव्या मारल्या. आडव्या पट्टीने झुलणं थांबत नाही हे त्यांना पुष्कळ दिवसांनी कळलं. मग तिरक्या मारल्या. खुराच्या तळापासून वरच्या लांब पट्टीच्या मध्यापर्यंत एक, समोरून दुसरी, एकमेकींना छेदून. भिंतीकडच्या बाजूला लावलेली पट्टी म्हणजे त्यांच्या वडलांच्या होडीचं मोडकं वल्हं होतं. मधल्या फळ्या खचू नयेत म्हणून खाली माडाच्या खोडाचा तुकडा उभा केला. मुंग्या चढू नयेत म्हणून प्रत्येक खुराखाली पाण्याची करवंटी. ठोकताना अक्काला हादरा बसायचा, म्हणून हातोडीला तिच्याच जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली. एकदा गावातला सुतार सहज डोकावला, वाकून खाली बघितलं आणि म्हणाला, "तात्यानू, ह्येच्यात पलंग खंयचो आणि फळ्यो खंयच्यो, ता तुमीच सांगा." मीही म्हटलं, "भावोजी, दर्यात लोटलात तर देवगडापर्यंत जाईल." ते आपले पलंगाखाली उताणे पडून, तोंडात खिळे धरून, 'हूं हूं' करत होते. दिसायला गबाळं होतं सगळं. पण नंतर मी त्यावर गुडघा टेकून अक्काला वळवलं, तेव्हा पलंग तसूभर हलला नाही.

फक्त पायथ्याचा डावा खूर सोडला होता. तो खाचेत सैल होता, आणि अक्काने डाव्या पायाने पायथ्याची फळी ढकलली की खाचेत घासून कर्रर् वाजायचा. मी म्हटलं, एवढं सगळं केलंत, मग हा एकच कशाला ठेवलात? त्यांनी मला हाताला धरून खाली वाकवलं. त्या खुराच्या शेजारी त्यांनी एक जाड धिरा, म्हणजे टेकू, उभा केला होता. भार सगळा त्या धिऱ्यावर होता. खूर भाराला नव्हताच, फक्त वाजायला होता. म्हणाले, "सगळोच घट्ट केलंय तर तिका माका हाक मारूची झाल्यार ती कशान मारतली?" मग खिडकीतल्या बिस्किटांच्या डब्यातून एक पाचर काढून दाखवली. फणसाचीच, नीट तासलेली, त्या खाचेच्या मापाची. त्यांच्या हातून इतकी नेटकी झालेली ती एकच वस्तू असेल. "ही ठोकलंय काय पलंग पुरो झालो. पण आता नाय. ती गेली काय ठोकतलंय. तवसर सैलच ऱ्हवांदे."  अक्का आमच्या डोक्यावर, पलंगावर पडून होती, आणि तिला ऐकू सगळं येत होतं.

तेव्हापासून त्या घरात ते सुरू झालं. कर्रर्... "इलंय गो!" पाणी, कूस, उघडझाप करणारी खिडकी, डोळ्यांवर आलेलं ऊन, नाहीतर काहीच नाही, उगाच. भावोजी माडाला पाणी घालत असोत, न्हाणीत असोत, कुणाशी भांडत असोत, पलंग वाजला की अर्धं वाक्य टाकून आत. ज्या माणसाने जन्मभर हाकेला ओ दिली नाही, तो दिवसाकाठी किती वेळा ओ देत होता त्याला गणती नाही. मी एकदा चिडवलं, "आता बरं ऐकू येतं?" त्यावर ते उत्तर द्यायला तोंड उघडत होते आणि आत पलंग वाजला. गेले उठून. उत्तर राहिलं ते राहिलंच. त्यांची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. अक्का आधी जावी, मग आपण. देवाजवळ इतकं अभद्र मागणं कुणी इतक्या मायेने मागितलं नसेल. देवाने तेवढंही दिलं नाही.

भावोजींना नेल्यावर अक्काला सांगायचं कुणी, यावर बायकांची कुजबुज चालली होती. कुणी म्हणालं, तिका काय कळता? मला त्या शब्दाचा संताप आला. मी आत गेलो, तिच्या उशाशी बसलो आणि सांगितलं, "अक्का, भावोजी गेले." ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पाय हलवला. कर्रर्. थांबली, दाराकडे बघितलं. परत कर्रर्. माझ्या सांगण्याची ती खात्री करून घेत होती. आणि ती खात्री करणं मग संपेचना. त्या दिवसांत घरात माणसांची ये-जा, चुलीला सुतक, ओटीवर पाहुणे, आणि या सगळ्यातून सतत तो आवाज. थांबायचा, आता थकली असं वाटायचं, की पुन्हा. प्रसाद कानांवर हात ठेवून मागच्या दारी जाऊन बसायचा.

दहाव्या दिवशी सगळे पुरुष खाडीकाठी गेले. अक्काजवळ कुणीतरी हवं म्हणून मी घरी थांबलो. खाडीवर काय झालं ते मला सुलभाच्या यजमानांनी सांगितलं. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. कावळे समोर सुरूच्या झाडावर बसलेले, पण खाली येईनात. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं असेल ते एकेकाने ओळखायचं आणि मोठ्याने शब्द द्यायचा. पहिला शब्द अर्थात अक्काचा. "तात्यानू, अक्काक आमी बघतलव." कावळा नाही. माडांचं बघू, ग्रामसभेत ते ज्याच्यासाठी भांडायचे त्या रस्त्याचं बघू, वाटणीत भांडणार नाही... कावळा नाही. ऊन चढलं. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून उरकून घेऊ. त्यावर प्रसाद पुढे झाला आणि रडत म्हणाला, "बाबानू, पलंगाचो ऱ्हवलेलो खूर मी आजच्या आज घट्ट करतंय." आणि कावळा झाडावरून उतरला.

उतरला असेल. भुकेचा उतरला असेल, माणसं थोडी मागे सरली म्हणून उतरला असेल. पण जमलेल्या सगळ्यांनी हात जोडले. पटण्यासारखंच होतं ते. माणूस मरेपर्यंत त्या पलंगाखाली खपला, एक खूर राहून गेला, पाचर तासून तयार डब्यात ठेवलेली घरच्यांनी पाहिलेली. जीव दुसरा कशात अडकणार? प्रसाद घरी आला तो ओल्या पंचानेच डब्याकडे गेला. मी आडवा आलो. भावोजी मला काय म्हणाले होते ते सगळं सांगितलं. म्हटलं, अरे, तो खूर राहिलेला नाही, ठेवलेला आहे. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मामा, कावळो शिवलो. बाबांका शब्द दिलंय." मी म्हटलं, "तुझा बाप मला काय बोलला ते मोठं की कावळा मोठा?"  तो एकदम खाली बसला आणि लहान मुलासारखा म्हणाला, "मामा, ती त्यांका हाक मारता. ते येवचे नाय. माका आता आयकवत नाय."

 मलाही ऐकवत नव्हतं.

त्याने ठोकली. हातोडीला चिंधी गुंडाळायची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. प्रत्येक घावाला अक्का नखशिखांत हादरत होती. पाचर चपखल बसली. भावोजींचं माप चुकलं नव्हतं. प्रसाद हात पुसत उठला, तिच्या पाया पडला. अक्काने पाय हलवला. आवाज नाही. परत ढकललं, या वेळी जोराने. पलंग गप्प. तिने पायाकडे बघितलं, पाय मोडला की काय असं. पुन्हा एकदा... आणि मग तो पाय हळूहळू चादरीवर आडवा पडला. घरात एकदम सामसूम झाली. ओटीवरचे पाहुणे म्हणाले, बरं झालं, आत्म्याला शांती मिळाली. मी उठून खाडीवर जाऊन बसलो.

प्रसाद मुंबईला गेला. नोकरी आहे, जाणं भागच होतं. मी तळेऱ्याचं घर बंद करून इथे येऊन राहिलो आहे. सुलभा आणि मी मिळून अक्काला वळवतो. मला भावोजींसारखं एकट्याने जमत नाही, कंबर साथ देत नाही. जमेल तेवढं करतो. पण ती पाणी मागू शकत नव्हती, ऊन आलं तर सांगू शकत नव्हती. मी आपला दर थोड्या वेळाने आत डोकावून तिच्या डोळ्यांत काही दिसतं का बघायचो. असे काही दिवस गेले आणि मग एका सकाळी मी पटाशी आणि हातोडी घेतली, हातोडीला चिंधी बांधली, आणि पलंगाखाली उताणा पडून ती पाचर उचकटून काढली. सुलभा दारात उभी राहून म्हणाली, "भाऊ, मेलेल्याक दिलेलो शब्द मोडलात." मी म्हटलं, "मोडला तो कावळ्याचा."

बाहेर आलो, धूळ झटकली आणि म्हटलं, "अक्का, वाजव बघू." तिने माझ्याकडे बघितलं. खूप वेळाने पाय हलवला. कर्रर्. मी तिथे, पलंगाला टेकूनच उभा होतो. हसत विचारलं, "काय व्हया गो?" तिने माझ्याकडे पाहिलं, मग मला ओलांडून दाराकडे. बराच वेळ बघत राहिली. मग डोळे मिटले. त्यानंतर आजपर्यंत तिने पाय हलवलेला नाही. मी चुकलो असं मला वाटत नाही, प्रसाद चुकला असंही आता म्हणवत नाही. हाक मारायची सोय मी तिला परत दिली, पण ती हाक ज्याच्यासाठी होती तो माणूस कुठून आणू?

आता पलंग फक्त आम्ही तिला वळवताना वाजतो. तिचा पाय पायथ्याच्या फळीला लागला की आपोआप कर्रर् होतं, आणि तेवढ्यापुरते तिचे डोळे दाराकडे जातात. दर वेळी, सकाळपासून रात्रीपर्यंत. सुलभा हल्ली रोज म्हणते, "भाऊ, ती पाचर परत ठोका. माका तिची नजर बघवत नाय." मी हो-नाही काही म्हणत नाही. पाचर माझ्या सदऱ्याच्या खिशात असते. ती कधी ठोकायची ते भावोजींनी मला सांगून ठेवलं आहे.